मायची मुळी

शांते, रामाकोन्याच्या स्टेशनावर छोट्या गाडीच्या खिडकीतून मायनं वाळलेल्या मुळ्यांचा डबा आत सरकवला होता, आठवतं तुला? "मुंबईत पाणी लय. पायाले चिखल्या होतीन. उगाळून लावजो," म्हणाली. त्याच साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि मी मुंबईच्या औषधी कारखान्यात लागलो.

संत्र्याला पाणी देणाऱ्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या की सगळे आपल्याच ओट्यावर यायचे. माय आदल्या दिवशी एकटीच कन्हानच्या काठी जायची, त्या झाडाला हळद-तांदूळ वाहून निमंत्रण द्यायची, मग दुसऱ्या दिवशी मुळी खणायची. झाड कोणतं, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. "नाव घेतलं का गुण जाते," एवढंच सांगायची.

लॅबोरेटरीत आम्ही काचेच्या बशीत बुरशी वाढवायचो. एकदा सहज त्या मुळीचा अर्क टाकून पाहिला. चार दिवसांनी थेंबाभोवती बुरशी फिरकलीच नव्हती. साहेब म्हणाले, वनस्पतीचं नाव आणा, पुढचं काम तुमच्याकडेच. मी लगेच घरी पत्र टाकलं. बाबांनी मायला वाचून दाखवलं आणि तिचंच बोलणं लिहून पाठवलं: "नाव नाई सांगत. पोळ्याले ये, संग नेऊन दाखवीन. तुह्यासाठीच ठेवलं हाये."

मला रागच आला. लिहिलं, हा अडाणीपणा पुरे, मुळ्या पार्सलनं पाठव. बिचारीनं पाठवल्या. मी बशांमागून बशा भरत सगळ्या मुळ्या संपवल्या. पोळा आला नि गेला, मी रजेचा अर्जही केला नाही. उन्हाळ्यात तार आली.

तेरावं झाल्यावर काठावरच्या दिसेल त्या झाडाची मुळी पिशवीत भरून नेली. एकेक तपासली. सगळ्या बशा बुरशीनं भरल्या.

परवा तू लिहिलंस, तुझ्या पोराच्या पायाला चिखल्या झाल्यात, मायचं औषध उरलंय का. नाही गं, मीच संपवलं. कारखान्याचं मलम पाठवतोय, ते लाव.

इथं कोणी घर कुठं विचारलं की मी रामाकोना सांगतो, पण डोळ्यापुढे येतो तो फक्त कन्हानचा काठ. मागच्या खेपेला तुला न सांगता तिथं गेलो होतो, हळद-तांदूळ घेऊन. केवढी झाडं होती. निमंत्रण कोणाला द्यायचं, कळेना. मूठ तशीच मिटून परत आलो.