ताईंचा उपाशीपोटी सर्वे

व्यवस्थापन शिकायला कॉलेजात जाण्याची अजिबात गरज नसलेली एकच व्यक्ती या पृथ्वीवर असेल, तर ती म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बीबीएच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या त्याही ताईच. त्यांच्या घरून रोज दीडशे डबे निघतात. निम्मे बुटीबोरीच्या कारखान्यांत जातात, उरलेले वसतिगृहांतल्या मुलामुलींकडे. हाताखाली पाच बायका, एक टेम्पोवाला आणि एक मांजर आहे, आणि यातलं कुणीही त्यांच्या शब्दाबाहेर नाही. एका लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे हमरीतुमरीवर आले असताना ताईंनी दोन्हीकडच्या मंडळींना एकेक परात देऊन कणीक मळायला बसवलं होतं. अर्ध्या तासानं भांडण कशावरून सुरू झालं हे कुणाला आठवेना. अशा बाईला कुणी ‘नेतृत्व’ या विषयाच्या नोट्स काय देणार?

पण ताईंना डिग्री हवी होती, आणि ही इच्छा जुनी होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन येताना दोन्ही मुलींना एकेक पुस्तक घेऊन द्यायचं, ही त्यांच्या वडिलांची रीत. ताई बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होत्या तेव्हा वडील अचानक गेले. ताईंनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि डबे सुरू केले. त्या डब्यांवर धाकटी एम.ए. झाली, शाळेत शिक्षिका झाली आणि माझ्यासारख्या एका ग्रंथपालाशी लग्न करून मोकळी झाली. धाकटीला ही गोष्ट कायम टोचत असे. ती दर जूनमध्ये ताईंसाठी प्रवेशाचा अर्ज घेऊन यायची आणि ताई दर जूनमध्ये त्या अर्जावर पापड वाळत घालायच्या. मग माझी पत्नी गेली. पुढचा जून आला तेव्हा अर्ज आणणारं कुणी उरलं नव्हतं. एका सकाळी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “जवाईबापू, मी कॉलेजात नाव टाकून आलो.” आमच्याकडे बायका अशाच बोलतात, पुण्याच्या माणसांनी दचकू नये.

पहिल्या दिवशी ताई वेळेच्या पाऊण तास आधी पोचल्या. हळूहळू पोरं आली, समोर चष्मा लावलेल्या, कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या बाई दिसल्या, आणि सगळा वर्ग उभा राहिला. दुसरं कुणी असतं तर संकोचलं असतं. “आता उभे झालेच होते, तं मी बसा म्हटलं,” ताईंनी मला संध्याकाळी सांगितलं. “बसले बिचारे. मंग रिकामं काहून बसायचं, म्हणून हजेरी घेऊन टाकली.” शिकवणारे सर आले तेव्हा ताईंनी हजेरीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि वर अहवालही दिला, “तिघं नाही आले सर. एकाले ताप आहे, दोघं खोटं बोलून राहिले.” सर एकोणतीस वर्षांचे, अंगानं काडीसारखे. त्यांनी घाबरून कागदावर सही केली. त्या दिवसापासून ताईंना विषयापेक्षा सरांच्या तब्येतीचीच काळजी जास्त लागली.

शिकलेलं लगेच वापरायचं, हा ताईंचा खाक्या. ज्या दिवशी श्रमविभागणी शिकवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एकीनं फक्त मळायचं, दुसरीनं फक्त लाटायचं, तिसरीनं फक्त भाजायचं असं ठरलं. पोळ्या भराभर झाल्या, पण भाजणारी दुपारी रडायला लागली; शेगडी दुसऱ्या खोलीत होती आणि तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. ताईंनी वहीत नोंद केली, “विभागणी करावी, पण गप्पा तुटू देऊ नये,” आणि परीक्षेत हेच वाक्य तोटे या सदरात लिहून आल्या. पुढे बलस्थानं, दुर्बलता, संधी आणि धोके असे चार रकाने पाडून धंद्याची पारख कशी करावी, हे शिकवलं. त्याच आठवड्यात माझ्या भाचीला पाहायला एक स्थळ आलं. पाहुणे चहा पीत होते तोवर ताईंनी आत ओट्यावर चार रकाने भरून कागद माझ्या हातात दिला. बलस्थानं : नोकरी मिहानातल्या कंपनीत. दुर्बलता : स्वतः बोलत नाही. संधी : बोलका करता येईल. धोके : आई. स्थळ नाकारलं गेलं. त्यांना कळवताना ताईंनी फक्त चौथा रकाना वगळला, बाकी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं.

व्याख्या पाठ करायच्या तर त्या पिठाच्या डब्यांवर चिकटवून. त्यामुळे झालं असं, की ताईंच्या आधी लाटणाऱ्या बाईलाच व्यवस्थापनाची पाच कार्यं पाठ झाली. ताई अडखळल्या की ती लाटता लाटता म्हणायची, “नियंत्रण राहिलं वं ताई.” पण ताईंचा सगळ्यात लाडका धडा होता माणसाच्या गरजांचा. एक त्रिकोण; तळाला भूक-तहान, त्यावर सुरक्षितता, त्यावर माया, त्यावर मान, आणि टोकावर काहीतरी उदात्त. तो शिकून आल्या त्या दिवशी ताई घरात शिरल्या नाहीत, फाटकातूनच बोलायला लागल्या. “पहिले पोट, मंग बाकी सगळं. मी हे तुमच्या लग्नाच्या आधीपासून सांगून राहिलो जवाईबापू. फक्त मी त्रिकोण नाही काढला.”

याच त्रिकोणानं पुढे घात केला.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. वर्गातली पोरं झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीचा प्रकल्प घेतात, नाव बदलतात आणि सोनेरी अक्षरांत बांधून आणतात. ताईंना हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुकानदाराला झापलं असतं. त्यांनी विषय घेतला ‘डबा व्यवसायातील ग्राहकांचे समाधान’. शंभर गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घ्यायचे, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. आता, एखाद्याच्या दारी जायचं आणि त्याला उपाशीपोटी दहा प्रश्न विचारायचे, हे ताईंच्या हिशेबी पाप. म्हणून त्यांनी चार रविवार लागोपाठ पंचवीस-पंचवीस जणांना घरी बोलावलं, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भाकर आणि ताक असं पोटभर जेवू घातलं, आणि मग ढेकर देत असलेल्या माणसांच्या हाती फॉर्म ठेवला. शंभर फॉर्म, दहा प्रश्न, एकूण एक उत्तर पाचपैकी पाच. बऱ्याच कागदांवर रस्स्याची तर्री होती. ‘सूचना’ या रकान्यात एका कामगारानं लिहिलं होतं, “ऐसा सर्वे हर हफ्ते होना चाहिए.”

सरांनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. “मावशी, शंभर जण पूर्ण समाधानी? असं जगात कुठं होत नाही.”

“जग जेवलं नसन सर,” ताई म्हणाल्या.

सर हसले, पण ऐकेनात. बाहेरच्या परीक्षक बाई फार कडक आहेत, ही माहिती त्या पहिल्या पानावरच फेकतील. प्रकल्प गेला की वर्ष गेलं. तोंडी परीक्षेला पंधरा दिवस होते. ताई त्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत बसल्या. “एकडाव शिक्षण सुटलं होतं ना, तवा मी अठराची होतो,” त्या म्हणाल्या. “आता सुटलं तं पुन्हा नाही धरणार मी. माहीत आहे मले.” मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम हाती घेतलं : भुकेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचं. दुपारी साडेबाराला त्या टेम्पोतून बुटीबोरीला जात, कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहत, आणि डबा पाठीमागे धरून फॉर्म पुढे करत. “मौसी, पहले डब्बा दो, फिर पूछो,” कामगार गयावया करत. “पहले सच बोल,” ताई म्हणत आणि नजर दुसरीकडे वळवत. भुकेला माणूस खरं बोलतो. दोन दिवसांतच तक्रारींचा पूर आला. भाजीत तिखट फार, पोळ्या वातड, वरण पातळ. वसतिगृहातल्या एका मुलीनं लिहिलं, “मावशी डबा संपला का म्हणून फोन करतात, त्यामुळे भीती वाटते.” ताई हे सगळं मला वाचून दाखवायच्या आणि संतापायच्या. “आठवड्यातून चारदा आलू, म्हणे. कोण म्हणते चारदा? मी वही काढून पाहिली.”

“मग?”

“पाचदा.”

नव्व्याण्णव फॉर्म झाले. शंभरावा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. पत्नी गेल्यापासून मलाही ताईंकडूनच डबा येत असे. त्या दिवशी त्यांनी तो मांडीवर ठेवला, चष्मा लावला आणि विचारलं, “नाव?”

“तुम्हाला ठाऊक आहे, ताई.”

“फॉर्मवर सांगा.”

मी नाव सांगितलं, वय सांगितलं. डब्याबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच? मी सवयीनं पाच म्हणायला तोंड उघडलं. मला कुणीही काहीही विचारलं तरी मी तेव्हा छान आहे म्हणत असे. ताई म्हणाल्या, “तुम्ही अजून जेवले नाही जवाईबापू. पाहून सांगा.”

“दोन,” मी म्हणालो.

“कारण?”

“चव तीच आहे. तुम्हा दोघी बहिणींची. एकट्यानं बसून ती खाल्ली जात नाही.”

ताईंनी मान वर केली नाही. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग डबा टेबलावर ठेवला, फॉर्मच्या तळाशी छापलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,” आणि चपला घालून निघून गेल्या.

तोंडी परीक्षेला मी सोबत गेलो. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. परीक्षक बाई खरोखरच कडक होत्या. त्यांनी आलूबद्दल विचारलं, पोळ्यांबद्दल विचारलं. ताईंनी प्रत्येक तक्रारीवर काय बदललं ते सांगितलं. मग पानं उलटण्याचा आवाज थांबला.

“शंभर नंबरच्या ग्राहकानं दोनच गुण दिलेत. आणि इथं उपायाचा रकाना कोरा आहे. का?”

“त्याचा उपाय डब्यात नाही बसत, मॅडम,” ताई म्हणाल्या. “म्हणून त्यायले डबा धाडणं बंद केलं. दुपारी मीच जातो. दोघं बसून जेवतो.”

“मग आता किती गुण देतात ते?”

“विचारलं नाही जी. सध्या जेवून राहिले.”

आतून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

निकाल लागला तो दिवस मंगळवार होता. ताई नेहमीप्रमाणे बाराला आल्या, निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला. प्रथम श्रेणी. मी गुणांची बेरीज तपासली. ती बरोबर होती. तसं मी सांगितलंही. ताई हसल्या, आणि मग हसणं अर्ध्यावर सोडून म्हणाल्या, “तुम्ही बेरीज पाहिली. धाकटी असती तं कागद वाचलाच नसता तिनं. पहिले गल्लीत जाऊन ओरडली असती.”

खरं होतं. मी उठलो आणि फाटकापर्यंत गेलो. रस्त्यावर भाजीवाला गाडी ढकलत चालला होता, बाकी कुणी नव्हतं. मी त्याला म्हणालो, “आमच्या ताई पास झाल्या.” त्यानं गाडी थांबवली आणि कानामागे हात धरला. “काय म्हणता जी?”

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला जरा मोठ्यानं.