तुरुंग मागणारी बाई

ती मिरचीची आग अजून माझ्या नाकातून गेलेली नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. एका संध्याकाळी सुक्या मिरचीचं गोदाम पेटलं आणि अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर आली. आत अडकलेल्या राखणदाराला आम्ही ओढून काढलं. जीव वाचला, पण दोन्ही हात जळाले.

लोकांनी गुन्हेगारही ठरवून टाकला: शेजारचा व्यापारी. त्याच्या दुकानापुढे लोक दगड घेऊन उभे. जमावाला पुरावा लागत नाही. खरा माणूस सापडायच्या आत इथे खून पडणार, हे मला दिसत होतं.

खबर दिली फुलवालीने. गोदामामागच्या खोलीत एक कारकून राहायचा, आमच्यासारखाच तंजावरचा मराठी. त्याची बायको आगीच्या थोडं आधी तव्यात निखारे घेऊन बाहेर आली होती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यावर बोलवायचं नाही असा नियम, म्हणून मीच तिच्या घरी गेलो. तमिळमध्ये विचारलं तर ती लेकराला थोपटत राहिली. मग मी आपल्या भाषेत म्हटलं, "अक्का, नाहक एक माणूस मरेल."

ती भिंत धरून खाली बसली. "लेकरास ज्वर होता, अय्या. मिरच्या ओवाळून निखाऱ्यांवर घातल्या, अन् बाहेर टाकून आले. मागे बघू नये म्हणतात. बघितलं नाही मी."

दृष्ट काढली की मागे वळायचं नाही, हे माझ्या घरीही पाळत. निखारे पडले होते गोदामाला लागून टाकलेल्या रिकाम्या पोत्यांवर. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी जागेचा पंचनामा केला आणि तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिथेही तिने सगळं सांगितलं, आणि गल्लीचा राग व्यापाऱ्यावरून तिच्यावर वळला.

मॅजिस्ट्रेटनी तिला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. अट एवढीच, की वर्षभर त्याच घरी राहायचं, प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. मला वाटलं, सुटली बिचारी. तिने तर माझे पायच धरले.

"जेलात घाला, अय्या! त्या गल्लीत नको. जिती ठेवायचे नाहीत मला."

प्रोबेशन अधिकारी आणि मी तिला घेऊन गल्लीत शिरलो. दारादारांत माणसं उभी, कोणी बोलेना. शिव्या परवडतात, ती शांतता नको.  राखणदाराची बायको पुढे आली, तेव्हा छडीवरची माझी मूठ आपोआप घट्ट झाली.

ती तमिळमध्ये म्हणाली, "मी कामावर गेले की ह्याला भरवायला कोणी नाही. उद्यापासून तू ये."

शिक्षा म्हणजे उंच भिंत, असंच मी तोवर समजत होतो. त्या भिंतीआड ही बाई त्या माणसाच्या नजरेपासून सुरक्षित राहिली असती. इथे तिला रोज त्याच्यासमोर बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बंदोबस्त म्हणून राखणदाराच्या दारात थांबलो. तिने घास पुढे धरला, त्यातली शितं खाली सांडत होती. राखणदाराने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग घासासाठी तोंड उघडलं.