भांड्याचा तळ

अणुवीज केंद्राजवळच्या कोळीवाड्यात आम्ही सुरक्षिततेची माहिती द्यायला गेलो होतो. शंका विचारा म्हणताच एका मावशींनी हात वर केला. मनगटाला माशाचे खवले चिकटलेले होते.

"साहेब, इंधनाचं ते पोलादी भांडं तळातनंच गेलं तर?"

मी हसलो. मला पाहून सभाही हसली. मावशी पदर सावरत खाली बसल्या.

त्या तळाचा अभ्यास करण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली होती. थंड करणारं पाणी संपलं की इंधन वितळून तळाशी साचतं. पोलाद मऊ पडतं, ताणलं जातं आणि बहुधा तळातून आत गेलेल्या नळ्यांच्या जोडांपाशी आधी फाटतं. म्हणजे मावशींनी नेमकं माझ्याच कामाचं विचारलं होतं. आपल्याला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीलाच माणूस असा हसतो का? त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सभेनंतर मी त्यांच्याजवळ गेलो. त्या म्हणाल्या, "हसलात त्याचं काय नाय. पण तसं झालंच, तर पोरांना घेऊन निघायला आमाला किती वेळ मिळंल?"

किती तास, ते गणित मीच मांडलेलं होतं.

मी म्हणालो, "मावशी, चहा घेतलात का?"