रिकाम्या डब्याचा नियम

जमीन नसलेली माणसं रचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मीच नको तिथे तोंड घातल्यामुळे.

रविवारी दुपारी आम्ही चौघं छावणी भागात एका मित्राच्या घरी खेळायला जमायचो. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडाने रचत न्यायची गोष्ट. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. चालवायचा तो, घर त्याचं, फासे त्याचे आणि दादागिरीही त्याचीच. आमच्या गोष्टीत पिढ्यानपिढ्या अंतराळात फिरणारे लोक होते, कुठल्याच ग्रहावर न टेकणारे. त्याने ते घाईघाईत उरकले होते. मी म्हटलं, "ही माणसं कुठली, ही नुसती वाहतूक आहे." तो म्हणाला, "मग तूच कर."

आठवडाभर चिकलठाण्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची अंतराळयानं काढत बसले. पाणी कसं साठवतात, पोरं कुठे खेळतात, म्हातारे कुठे बसतात, सगळं हौसेने केलं. रविवारी दाखवलं तर त्याने एकच विचारलं.

"यांना गाव नाय, शेत नाय. भांडण झालं की एखादं यान सरळ निघून जाईल. मग हे फुटत का नाय?"

मी त्याच्यावरच चिडले.

उत्तर त्याच्या आईने दिलं, तेही नकळत. मी एकटी राहते म्हणून काकू दर रविवारी निघताना माझ्या हातात धपाट्यांचा डबा ठेवायच्या. त्या दिवशी त्या आतूनच म्हणाल्या, "माझा डबा कुठंय गं? भरायला काय नव्हतं म्हणून आणलाच नाय व्हय?"

अगदी तसंच झालं होतं. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. माझ्याकडची साखर संपली होती, म्हणून डबा माझ्या घरी राहिला होता, आणि तो माझ्या घरी होता तोवर मला इथे परत येणं भागच होतं.

मी आनंदाने ओरडलेच. माझ्या माणसांना कायदा मिळाला. प्रत्येक यानात दुसऱ्या कुणाचं तरी भांडं असेल, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचं हवेचं नळकांडं. परत करताना भरून करायचं, आणि मिळालं की ते पुन्हा भरून पाठवायचं. देणंघेणं मिटतच नाही, म्हणून ताफा सोडून कोणी जात नाही.

तो खूश झाला, आणि खूश झाला की तो खोड काढायचाच. "आन् कुणी रिकामं पाठवलं तर?"

"तर अपमान. त्याला ताफ्यातून काढून टाकायचं."

"लई कडक बाई तू. अगं, रिकामं कोण पाठवंल? ज्याला कशाचं भान राहिलं नाय, तोच. तिथं रागवायचं नसतं. काय झालं म्हणून विचारायचं पण नाय. सगळ्यांनी यानं वळवायची आन् तिकडं जायचं."

मी भांड भांड भांडले. फासे टाकून ठरवू म्हटलं. पण गोष्ट त्याची, नियम त्याचा. मी घरी पोचेपर्यंत धुसफुसत होते.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही. आम्ही तिघं तेराव्यापर्यंत तिथे होतो, सतरंज्या घालत होतो, आल्यागेल्याला चहा देत होतो. नंतर मात्र कोणीच गेलं नाही. जाऊन बोलणार काय?

शेवटच्या रविवारचा डबा माझ्या ओट्यावर तसाच होता. त्यात साखर घालवेना, दुःखाच्या घरी गोड कसं न्यायचं? रिकामा नेणं तर शक्यच नव्हतं. पण खरी भीती वेगळी होती. डबा दिला की त्या घराशी माझं काही उरणार नव्हतं. मी काकूंची कोण लागते? मुलासोबत रविवारी खेळणाऱ्यांतली एक. शेवटी शहागंजातून शेंगदाणे आणले, भाजले, सोलले, डबा काठोकाठ भरला आणि गेले.

काकूंनी दार उघडलं. टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्या डबा घेऊन आत गेल्या. शेंगदाणे बरणीत ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा, तो बराच वेळ येत राहिला. बाहेर येऊन त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "नीट जा गं," म्हणाल्या.

सवयीने मी तो पिशवीत टाकला. रिक्षात बसल्यावर पिशवी हलकी लागली म्हणून झाकण उघडलं. आत काही नव्हतं. तळाला धुतल्याचं पाणी होतं.

त्या बाईने जन्मात कोणाला रिकामं भांडं दिलं नसेल. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मला तोडलं. मी रिक्षात ढसाढसा रडले. रिक्षावाले काका आरशातून बघत होते, बघू देत. मग त्याचा नियम आठवला, ज्यावरून मी त्याच्याशी एवढी भांडले होते.

बाकीच्या दोघांना फोन लावला. "काकूंनी डबा रिकामा दिला," एवढंच सांगितलं. दोघांनीही का म्हणून विचारलं नाही. कधी निघायचं, तेवढं विचारलं.

रविवारी आम्ही तिघं छावणीत गेलो. मी थेट स्वयंपाकघरात शिरले आणि धपाट्यांचं पीठ भिजवायला घेतलं. मला धपाटे येत नाहीत. काकू दाराच्या चौकटीला टेकून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या,

"मीठ घाल की अजून. त्याला अळणी चालत नाय."

मी मीठ घातलं.