मधला गडी

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण नकुलला मराठी वाचता येत नाही. बोललेलं सगळं कळतं, "बाबा, औषध घेतलं का" एवढं बोलताही येतं, पण अक्षरओळख नाही. त्याला कळू द्यायचं नाही म्हणून त्याच्या वडिलांनी मला जे बजावलंय, ते इथे ठेवायला मला भीती वाटत नाही. शिवाय माझ्या पोटात काही राहत नाही, आणि ही गोष्ट तर बरेच महिने राहिली आहे.

मनोहर आगाशे माझे शेजारी. अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या रस्त्यावरची सगळी घरं एकाच नकाशाची, आणि दिवसा सगळी रिकामी. मी घरून काम करते. लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. हे ऐकल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, हिला अगदी हवी तशी नोकरी मिळाली. तर दिवसा त्या रस्त्यावर माणसं दोनच, मी आणि काका. काका पत्रपेटीपर्यंत जायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचे. पेटीत जाहिरातींशिवाय काही नसायचं. त्या सगळ्या ते नीट वाचायचे आणि मग कचऱ्यात टाकायचे.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर नकुलने त्यांना पिट्सबर्गहून इथे आणलं. नकुल औषधांच्या कंपनीत आहे, लग्न केलेलं नाही, मुलगा सज्जन. सकाळी गाडी काढतो, संध्याकाळी येतो, वडिलांच्या गोळ्या डबीत भरून ठेवतो, जेवण गरम करून देतो. पण बापलेक जेवताना एकमेकांशी काय बोलत असतील ते मी ऐकलेलं आहे. "ओके, बाबा?" "ओके." झालं. कुणी कुणाशी भांडलेलं नाही. नुसतं बोलणं संपलेलं आहे, आणि ते भांडणापेक्षा वाईट असतं असं माझं मत आहे.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा फायरप्लेसवरच्या फळीकडे पाहून मला हसू आवरेना. तिथे मातीचे दोन बुटके रग्बी खेळाडू होते. वीतभर उंचीचे, लाल जर्सीतले, नाकं फुगलेली, एकाचा पुढचा दात पडलेला. दोघे एकमेकांकडे कललेले, आणि दोघांच्या मधोमध स्टीलची डबी. दोघांनी डबीच्या गळ्यात हात टाकलेले.

"हिच्यात काय आहे?" मी विचारलं.

"मेतकूट. डबी काढली की दोघं पडतात," काका म्हणाले.

पुढे संध्याकाळी तळ्याभोवती आम्ही चालायला लागलो, तेव्हा थोडं थोडं करून ते सांगत गेले. तरुणपणी ते पुण्याहून वेल्सला गेले होते, एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत. नकुलचा जन्म तिथलाच. प्रयोगशाळेत तिघंच, ग्लिन, इव्हान आणि काका. कारखान्याची रग्बीची टीम होती. ग्लिन आणि इव्हान खेळायचे, काका मैदानाबाहेर उभं राहून सगळ्यांचे कोट सांभाळायचे. एका वर्षी टीमने त्या भागातली मोठी स्पर्धा जिंकली. मग क्लबने त्या विजयाची आठवण म्हणून पलीकडच्या दरीतल्या एका कुटुंबाकडून हे गडी करून घेतले. त्या घरात बाप साचे करायचा, आई भट्टी सांभाळायची आणि मुली रंगवायच्या. सगळ्या वेल्सचे रग्बीवाले त्यांनी मातीत उतरवलेले. प्रत्येक खात्याला तिघांचा एक संच मिळाला. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेतले तिघं खांद्यांवर हात टाकून एकमेकांना धरून राहतात, तसे हे तिघं. घडवलेच असे, की एकटा उभा राहत नाही.

प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा संच तिघांनी वाटून घेतला. काका अमेरिकेला निघाले होते. निरोपाच्या बिअरवर असं ठरलं, की जो जाईल त्याच्या घरच्यांनी त्याचा गडी उरलेल्यांकडे पाठवायचा. मरण दुसऱ्यालाच येतं असं वाटायच्या वयातला हा करार. ग्लिन पहिला गेला. त्याच्या बायकोने त्याचा गडी टॉवेलमध्ये गुंडाळून आधी इव्हानकडे नेला, तर इव्हानने तो इकडे पाठवायला लावला. मन्या लांब आहे, त्याला सोबत जास्त लागेल, म्हणाला. मधला गडी इव्हानकडे राहिला.

इव्हान वर्षातून थोडेच फोन करायचा, पण नेमाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेल्सच्या मॅच असतात. मॅच संपली की फोन. गेल्या वर्षी फेब्रुवारीत फोन आला नाही. मार्चमध्येही नाही. काका म्हणायचे, वेल्स हरतंय ना, तोंड लपवून बसला असेल. पण पार्सलची गाडी आमच्या रस्त्यावर वळली की ते खिडकीपासून मागे सरायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी पुढे गेली की खुर्चीत बसायचे.

मला असल्या गोष्टींचा राग येतो. मी म्हटलं, "काका, फोन करा ना सरळ."

"केला. लागत नाही."

"मग नकुलला सांगा. इंटरनेटवर शोधून देईल दोन मिनिटांत."

"म्हणूनच त्याला सांगितलं नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. अगं, पार्सल आलं नाही तोवर इव्हान आहे. माझ्याशी बोलणारा तो शेवटचा माणूस आहे. तू आहेस, पण तू कालची."

मी कालची, हे मला लागलं. पण खरं होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी अळूवड्या घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आमच्या अंगणात अळू माजलं होतं. काकांनी दार उघडलं. केस ओले, अंगात धुतलेला सदरा, जानवंही ओलं. मी म्हटलं, आत्ता आंघोळ? त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. खोका उघडलेला, वर वेल्सहून आल्याचा शिक्का, आणि कागदाच्या कपट्यांत आडवा पडलेला मधला गडी. दोन्ही हात पसरलेले, तोंड वासलेलं.

"इव्हान गेला," ते म्हणाले. "मित्राचं सुतक नसतं, मला ठाऊक आहे. पण अंगावर पाणी घेतल्याशिवाय बसवेना."

खोक्यात चिठ्ठी नव्हती. एक ओळ तरी लिहायची, एवढंच ते म्हणत राहिले. त्यांनी गडी हातात घेतला नव्हता. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. माझी मीटिंग होती, ती मी बुडवली.

संध्याकाळी नकुल आला. खोका पाहून त्याचा चेहरा पडला.

"ओह नो. बाबा, यू ओपन्ड इट? इट वॉज फॉर युअर बर्थडे."

मग सगळं उलगडलं. काकांना सप्टेंबरमध्ये ऐंशी पूर्ण होणार होती. काही तरी कर त्यांच्यासाठी, असं मीच नकुलच्या मागे लागले होते. मला वाटलं, हा फार तर केक आणेल. त्याने काही महिने रोज रात्री वेल्समधल्या जुन्या वस्तूंचे लिलाव पाहिले. सेट पूर्ण करायचा होता त्याला. ती डबी त्याला सलत होती. सगळे अख्खे संच मिळत, सुटा मधला गडी कुठेच नव्हता, आणि एक दिवस दिसला. विकणाऱ्याने पार्सल नुसत्या आडनावावर पाठवलं, आणि ते वेळेआधी पोचलं.

म्हणजे पार्सल इव्हानच्या घरून आलेलं नव्हतं, हे काकांना कळलं. मग हसायला लागले. हसता हसता रडले, आणि पुन्हा हसले. नकुल घाबरला. काकांनी त्याचा हात धरला आणि सोडला नाही. त्यांच्या गप्पा मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकल्या. कारखाना, मैदान, थंडी, नकुल तान्हा असताना इव्हान त्याला कोटात घालून फिरवायचा ते. नकुल विचारत होता, काका सांगत होते. अळूवड्या तिघांत संपल्या. नकुलने स्वतः डबी काढून मधला गडी बसवला. त्या घरात तिघं पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर उभे राहिले. नकुलने फोटो काढला.

"बाय द वे, खाली काही तरी मार्क आहे," तो म्हणाला. "सेलरला कळला नाही. मी पण ट्राय केलं. सम पॉटर्स मार्क."

माझं तेव्हा लक्ष नव्हतं. काकांचं होतं की नाही, मला माहीत नाही. मी घरी आले ती आनंदाने.

दुसऱ्या दिवशी नकुल कामावर गेल्यावर काकांचा फोन आला. ये, म्हणाले. मी गेले तर मेतकुटाची डबी पुन्हा दोघांच्या मधे होती आणि मधला गडी त्यांच्या मांडीवर उपडा. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. तळाच्या न रंगवलेल्या मातीवर बारीक, सरळ देवनागरी अक्षरांत, वरची रेघ न देता, कोरलं होतं: इव्हान.

पोलादाच्या तुकड्यांवर नंबर घालायचं हिऱ्याच्या टोकाचं पेन असतं. निरोपाच्या दिवशी त्या दोघांनी हट्ट धरला होता, की आमची नावं तुझ्या लिपीत लिही. काकांनी त्याच पेनाने तिघांची लिहिली होती.

"त्याने विकला असेल कदाचित," मी म्हटलं. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"नाही. आता शोध तू. आता चालेल."

मी फोनवर शोधलं. गावच्या वर्तमानपत्रात तीन ओळी होत्या. इव्हान फेब्रुवारीतच गेला होता, मॅच सुरू व्हायच्या आधी. मुलगा ऑस्ट्रेलियात. घर रिकामं करणाऱ्या माणसांनी सामान विकून टाकलं असणार. मी त्या मुलाला मनसोक्त शिव्या दिल्या. वडिलांची एवढी एक गोष्ट त्याला करता आली नाही.

"त्याला माहीतच नसेल," काका म्हणाले. "मी तरी नकुलला कुठे सांगितलं होतं?"

ते बराच वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होते. आंघोळ करून घेऊ का पुन्हा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कालची झाली आहे ना. तेव्हा मान हलवली.

मी म्हटलं, संध्याकाळी नकुलला सांगू या. मी पण थांबते. त्यावर मात्र ते माझ्यावर चिडले. पहिल्यांदाच.

"अजिबात नाही. अगं, तो काल माझ्याशी तीन तास बोलला. त्याने एवढं शोधून आणलं, आणि मी त्याला सांगू, की तू आणलंस ते मयताचं सामान आहे? त्याच्यापुरता इव्हान आहे. तसाच राहू दे."

मी शब्द दिला. जाताना त्यांनी मधला गडी जागेवर बसवला आणि मेतकुटाची डबी मला देऊन टाकली. घरात ठेववत नाही म्हणाले. ती माझ्याकडे आहे. उघडलेली नाही.

त्यानंतर बापलेकांत बोलणं राहिलं, पण ते इव्हानचंच. यू टोल्ड इव्हान अबाउट द सेट? व्हॉट डिड ही से? असं नकुल विचारायचा आणि काका काही तरी उत्तर द्यायचे. दुसरा विषय दोघांना सापडेना. मला वाटायचं, काका आता थकतील आणि सांगून टाकतील.

या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी त्यांनी मला मॅच बघायला बोलावलं. रग्बी मला कळत नाही, मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. वेल्स हरलं. नकुल प्लेट उचलता उचलता म्हणाला, "बाबा, कॉल इव्हान. ही मस्ट बी सो मॅड."

काकांनी खिशातून फोन काढला, त्यावर बोट फिरवलं, कानाला लावला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बोट फिरवताना मला फोनची काच दिसली होती. काळी होती.

मग ते बोलायला लागले. असं इंग्रजी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, हेल काढून, वेल्समधल्या माणसांसारखं. रेफरीला नावं ठेवली. कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी केली. मधेच थांबायचे, ऐकायचे, हं हं करायचे आणि मोठ्याने हसायचे. बरोबर जिथे इव्हान बोलला असता तिथे थांबत होते. फळीवर ते तिघं खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि मला ते बघवेना.

नकुल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर हसू होतं.

"लुक अॅट हिम," तो हळूच म्हणाला. "आय नेव्हर नो व्हॉट टू से टू हिम, सुवर्णाताई. थँक गॉड ही हॅज इव्हान."

मी खिचडीचं भांडं उचललं. नकुलला उत्तर दिलं असतं तर सगळंच बोलून गेले असते.

काकांनी बाय म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि ते आमच्याकडे वळले. डोळे कोरडे होते.

"इव्हान म्हणाला," ते नकुलला म्हणाले, "पोराला माझे थँक्स सांग."