पहिल्या रांगेत अक्का

मुलांनो, आजीला भाषणाची भीती वाटते का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. वाटते. नाटकांत वीस वर्षं काम केलं, तेव्हा वाटत नसे. तिथे वाक्यं दुसऱ्या कोणाची असायची. साठी उलटल्यावर मी गमतीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, भाषणांची बोलावणी येऊ लागली, आणि भीती तिथून सुरू झाली.

पुस्तकातला सगळ्यांना आवडणारा प्रसंग अक्कांचा. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर कानडी; मराठी आमच्यासारखंच बोलतात, पण वाचता येतं ते फक्त कानडी. एकदा हुबळीच्या प्रयोगाला मोलकरणीचं काम करणारी बाई तापाने आली नाही, म्हणून मी अक्कांना उभं केलं. काम एवढंच होतं की वकिलाला चहा द्यायचा. अक्का ट्रे घेऊन आल्या आणि त्यांना पहिल्या रांगेत मामंजी दिसले. सासरे समोर बसलेले असताना परक्या पुरुषाला आधी चहा देणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि ट्रे पुढे करून कानडीत हळूच म्हणाल्या, "तगोळ्री," म्हणजे घ्या. मामंजींनी कप घेतला. नाटकात माझा नवरा नुकताच वारला होता आणि सगळं थिएटर हसत होतं.

हे लिहिताना मी अक्कांना विचारलं नाही. त्या कुठे मराठी वाचणार आहेत, असं मनाशी म्हटलं.

गेल्या महिन्यात धारवाडला मळमड्डीत महिला मंडळापुढे बोलायचं होतं. मुद्द्यांची कार्डं नेहमीसारखी नंबर घालून ठेवली होती, चहा चार नंबरवर. माईकसमोर उभी राहिले आणि पहिल्या रांगेत अक्का दिसल्या. त्यांच्या सुनेने त्यांना हुबळीच्या देशपांडे नगरहून गाडीने आणलं होतं. माझे तळवे इतके ओले झाले की कार्डं एकमेकांना चिकटली. तुमचे बाबा लहान असताना मी तालमींना जायची, तेव्हा त्यांना भरवलं, झोपवलं ते अक्कांनी. या वयात त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं तर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

तीन नंबरनंतर मी सरळ पाच नंबरवर गेले. मागून एक बाई म्हणाल्या, "ते चहाचं सांगा की." वेळ संपली, असं काहीतरी बोलून मी खाली बसले.

गाडीपर्यंत अक्कांचा हात धरून चालले. पाऊल जपून टाकत त्यांनी विचारलं, "चहाचं का गाळलंस ग?"

विसरले, मी म्हणाले.

"पुस्तक आलं त्याच आठवड्यात नातीने वाचून दाखवलंय मला. वर्ष झालं. तू येऊन वाचशील म्हणून वाट बघत होते."

राग आला का, असं मी विचारलं.

"नाही ग, हसले की मी. नातसुद्धा हसली." त्यांनी गाडीचं दार धरलं. "पण त्या चहानंतर मी तुझ्या एकाही नाटकाला आले नाही, ते लिहिलं नाहीस तू."

गाडी गेल्यावर मी एकेक प्रयोग आठवून पाहिला. धारवाडचे, बेळगावचे, सगळे. अक्का कुठेच नव्हत्या. प्रत्येक वेळी त्या तुमच्या बाबांजवळ घरी थांबल्या होत्या, आणि त्यांना तेच आवडतं, असं मी धरून चालले होते. येता का, असं इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी बोलावलेलं नाही. गेल्यावर काय म्हणायचं ते कार्डावर लिहायला तीनदा बसले. कार्ड अजून कोरंच आहे.