लघवी कोणी फेकली?

मलकापूरजवळच्या एका खेड्यात आम्ही तिघं राहत होतो: मी, माझा म्हातारा किसन आणि त्याची बहीण गंगू. एक दिवस म्हाताऱ्याच्या छातीत पाणी झालं, पाय सुजून खांबासारखे झाले, आणि आम्ही तिघंही दवाखान्यात राहायला गेलो. दवाखान्यात आठ दिवस बसलं की किस्से असे साचतात, की घरी भाजी निवडतानाही एकेक वर येतो. लोक ऐकून हसतात. मले अजून रागच येते!

*

पहिल्याच दिवशी खाटेच्या दोन बाजूंना दोन डॉक्टर. लघवीवाटे अंगातलं पाणी काढायचं, एवढं दोघांनाही मान्य. मोठे डॉक्टर म्हणाले, "जुनं इंजेक्शनच द्या." तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, नवं जास्त चांगलं." मधे म्हातारा तोंड उघडून धापा टाकतोय!

मी म्हटलं, "तुमचं ठरेपर्यंत यानं दम धरून ठेवावा काय?"

*

ठरलं, आधी जुनं. सिस्टरनं मापाच्या रेघांचा प्लास्टिकचा जग दिला. "लघवी यात धरायची. मला दाखवायची, मगच फेकायची."

मी गोळ्या आणायला खाली गेले, तेवढ्यात पाहुणे आले. भावाची लघवी चारचौघांत दिसते म्हणून गंगूला लाज वाटली. तिनं जग दोनदा ओतला आणि साबणानं घासून चकाचक केला!

मोठे डॉक्टर आले. "इतकीच? जुनं चाललं नाही. उद्यापासून नवं."

गंगू माझ्या कानात म्हणते, "वहिनी, पाहुण्यायसमोर मांडून ठेवू काय?"

मी "साहेब, साहेब" करत मागं धावले. ते न थांबताच म्हणाले, "मावशी, नंतर!"

*

पाणीही मोजूनच, दिवसाला एक बाटली. पण येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे, "भाऊ, माझ्या हातचे दोन घोट तरी घे!" कोणी नारळपाणी, कोणी मीठ घातलेलं ताक.

मी ओरडले, "इकडून डॉक्टर काढून राह्यले, तिकडून तुम्ही भरून राह्यले! माणूस हाय का रांजण?"

*

दुसऱ्या दिवशी जगावर मीच राखण बसले. जग भरत गेला. डॉक्टरीणबाई खूश. "बघा सर, नव्याचा गुण!" मोठे म्हणाले, "कालच्या जुन्याचा असर." पुन्हा तेच भांडण!

मी म्हटलं, "काल जग धुतला होता. कालचं माप खोटं आहे."

मग मोठे माझ्यावरच चिडले. "आधी का नाही सांगितलं?"

"धावले होते मागं. तुम्ही म्हणाले, नंतर. घ्या, हे नंतर!"

*

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी गंगूनं खाटेखालून चपला काढल्या. म्हाताऱ्यानं पाय घातले, दोन पावलं टाकली आणि थांबला.

"कोणाच्या उचलून आणल्या वं? या तं पायातून निघून राह्यल्या!"

"तुह्याच हायेत दादा! दिवाळीले पाय सुजाले लागले तवा मीच मोठ्या मापाच्या घेऊन देल्या."

"माह्या नाहीत," म्हणत त्यानं त्या खाटेखाली परत ठेवल्या आणि अनवाणीच निघाला. जिना उतरेपर्यंत कुठंही थांबला नाही.